उन्हाळ्यात फुटलेले कोसे

आमच्या वाडीत सकाळी सगळ्यात आधी उठायची ती माय, आणि तिच्यानंतर कोतवाल. कधी कधी क्रम उलटा व्हायचा, पण ते मायने कधी कबूल केलं नाही. आमच्याकडे घरामागच्या परसाला वाडी म्हणतात. आमची वाडी सैपाकघराच्या मागल्या दारापासून सुरू व्हायची आणि तलावाच्या पाळीजवळ काट्यांच्या कुंपणाला टेकून संपायची. मधे वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुंगन्याचं म्हणजे शेवग्याचं एक वाकडं झाड, विहीर आणि विहिरीला लागून कहू. पुस्तकात या झाडाला अर्जुन म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. भर उन्हाळ्यात सगळं गाव भाजून निघालेलं असताना विहिरीच्या ओलीवर या कहूला कोवळी पालवी फुटायची. त्यामुळे आजूबाजूच्या यच्चयावत जीवांनी हे झाड आपल्याच मालकीचं आहे असं धरून ठेवलं होतं. कोतवाल पक्ष्याचं घरटं वरच्या फांदीच्या बेचक्यात होतं. खाली सातभाई जमून सकाळपासून भांडायचे. ग्रामसभा पाहिल्यावर मला त्यांची आठवण आली, उलट नाही. दाराच्या चौकटीवर कुंभारमाशी मातीची खोली बांधायची, तिच्यात अळी कोंडायची आणि तोंड लिंपून निघून जायची. विहिरीच्या काठावर चतुर बसायचे. दुपारी किरकिऱ्यांचा आवाज असा चढायचा की डोक्यावरच्या उन्हालाच तो फुटला आहे असं वाटे.

हल्ली माझ्या शेजारी भंडाऱ्यात काही मंडळी पहाटे खाकी टोप्या घालून, दुर्बिणी घेऊन निघतात. त्याला पक्षीनिरीक्षण म्हणतात आणि त्याचा एक ग्रुपही आहे. आम्ही तेव्हा तेच करायचो, फक्त त्याला 'रिकामं बसून राहणं' म्हणत आणि त्याबद्दल धपाटा मिळे.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. बाबा वर्षातला बराच काळ तलावावर असायचे, आणि पाऊस लागला की कोशाचे किडे घेऊन जंगलात जायचे. कोसा म्हणजे रानातलं रेशीम. किडे येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, नाहीतर कहूच्या झाडांवर सोडायचे, मोठे होईपर्यंत राखायचे, त्यांनी कोसे केले की उतरवायचे आणि आंधळगावच्या विणकरांकडे पोचवायचे. पुढच्या पिकासाठी चांगले वजनदार कोसे निवडून बाजूला ठेवत. हे बियाचे कोसे. बाबा त्यांच्या माळा करून सपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, आड्याला टांगत. उन्हाळाभर आतला जीव झोपून राही. आभाळ थंड झालं, हवेत ओल आली की तो जागा होई, कोसा फोडून पाखरू बाहेर येई, अंडी घाली आणि रानातल्या पाल्यावर नवे किडे चढत. या सगळ्याला कॅलेंडर लागत नसे. फक्त उन्हाळ्यात माळांना ओल लागू द्यायची नाही, एवढं पाळायचं.

किडे झाडावर असताना पाळायच्या गोष्टी मात्र बऱ्याच होत्या. राखणाऱ्याने दाढी करायची नाही. घरात मासळी शिजवायची नाही. आणि बाईमाणसाने किड्यांच्या झाडाखाली जायचं नाही. रानात हे सोपं होतं, कारण रान घरापासून लांब होतं आणि बायांना घरी कामं होती. हा नियम बायांवर विश्वास नसल्यामुळे झाला की पुरुषांना चार दिवस निवांत बसता यावं म्हणून झाला, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

त्या उन्हाळ्यात मामाजी राहायला आले. मामाजी म्हणजे मायचे थोरले भाऊ. ते जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कचेरीत होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आपल्या माणसांत आपला सत्कार व्हावा अशी गावकऱ्यांची फार इच्छा आहे, असं त्यांनी गावकऱ्यांना कळवलं होतं. सत्काराला अवकाश होता, पण भाषण अजून पाठ व्हायचं होतं म्हणून ते आधीच आले. त्यांना ऊन सोसत नसे. कचेरीत त्यांच्या टेबलावर पंखा होता हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं आणि रोज जेवताना सांगितलं. बायकोच्या थोरल्या भावाची सोय कमी पडली असं होऊ नये म्हणून बाबांनी तलावाच्या काठचा वाळा उपटून आणला, त्याचे पडद्यासारखे दाट ताटवे विणले आणि सपरीच्या तिन्ही अंगांनी बांधले. मी आणि माय दिवसभर त्यांच्यावर पाणी मारायचो. आत इतका गारवा आणि असा सुगंध सुटायचा की येणारा-जाणारा माणूस विडी विझवून टेकायचा. बाबा खूश होते. एवढी थंड सपरी पाटलाकडेही नव्हती.

मायने एकदा वर पाहून विचारलं होतं, "माळा आत नेऊन टांगाव का? तिथं ओल होऊन राहिली."

"पहिले दादाच्या ताटात भात वाढ," बाबा म्हणाले. "माळा कुठी पळून नाई जाऊन राहिल्या."

मामाजी मरळ मासा मन लावून खायचे आणि मग ताटव्यांच्या मधे येरझाऱ्या घालत भाषण म्हणायचे. "कर्तव्यपूर्तीचे समाधान हेच माझे खरे निवृत्तिवेतन," हे वाक्य त्यांना फार आवडायचं. ते निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहायचे. आम्हाला ते इतकं पाठ झालं होतं की माय भाकर थापताना त्यातलं 'कर्तव्य' तव्यावर टाकायची आणि 'समाधान' उलटवायची.

सत्कार आमच्याच सपरीत झाला, कारण गावात तेवढी थंड जागा दुसरी नव्हती. ऊन उतरल्यावर माणसं जमली. गुरुजींनी प्रास्ताविक केलं, शाल झाली, नारळ झाला, डोक्यावर गुलाबी फेटा बसला. मामाजी उभे राहिले आणि त्यांनी सभेवरून नजर फिरवली. मी सैपाकघराच्या दारात होते. वर माळेजवळ मला काहीतरी हललेलं दिसलं. एका कोशाच्या टोकाशी ओला डाग पडला होता. त्यातून आधी पाय आले, मग भिजलेल्या कापसासारखं अंग. माळेला लोंबकळून ते हळूहळू पंख सोडायला लागलं. पंख पसरत गेले तसे त्यांवरचे चार डोळे दिसायला लागले, आरशाच्या तुकड्यांसारखे आरपार. शेजारच्या कोशालाही डाग पडला होता. त्याच्या पलीकडच्यालाही.

"कर्तव्यपूर्तीचे," मामाजी म्हणाले, आणि वळचणीतून एक तळहाताएवढं तांबूस पाखरू खाली आलं आणि त्यांच्या फेट्यावर बसलं. सभेत खसखस पिकली. लोक आपल्या वाक्यावर खूश झाले असं वाटून मामाजींनी ते पुन्हा म्हटलं. मग पाखरानं पंख झाडले आणि ते त्यांच्या नाकावर उतरलं.

"अबे, कायचा गा हे! काढा, काढा!" सरकारी नोकरीत कमावलेली सगळी प्रमाणभाषा एका उडीत खाली पडली.

सगळे हसत होते. मीही हसत होते, बाबांकडे पाहीपर्यंत. बाबा माळांकडे पाहत होते. त्यांचा हात हळूच ओल्या ताटव्यावर गेला आणि तिथंच थांबला. काय झालं ते त्यांना कळलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं सपरीत पाऊस आणला होता, आणि कोशांनी त्यावर विश्वास ठेवला होता.

लोक गेल्यावर बाबा खाटेवर बसून राहिले. आड्यावर, भिंतीवर, मामाजींच्या शालीवर पाखरं बसली होती. रानातल्या येनाला अजून पालाच नव्हता, असला तरी राठ. आता घातलेली अंडी फुटली की किडे उपाशी मरणार, आणि पावसाच्या पिकाला बी उरणार नाही. त्या वर्षी बियाचे कोसे कुणाकडेच फार नव्हते.

"दौलत घरी येऊन राहिला दीड महिन्यानं," बाबा म्हणाले. "त्याच्यासंगं चिखल्याले जातो मी. खानीत माणसं घेऊन राहिले म्हणे."

दौलत आमचा शेजारी. तो चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत होता, तिथल्या वसाहतीत राहायचा आणि सणाला घरी यायचा. त्याच्या लेकराला तो आला की ओळख करून द्यावी लागे. खाण काय असते ते मला माहीत नव्हतं, पण त्या लेकराचा चेहरा माहीत होता. उघड्या पाण्यावर जन्म गेलेला माझा बाप जमिनीच्या पोटात उतरेल हे मला कसंच दिसेना. मी म्हटलं, "बाबा, आपल्या कहूले पाला आहे ना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "किडे रानात राहतात पोरी. वाडीत नाई."

"त्याइले कोन सांगते, वाडी आहे म्हणून?" माय म्हणाली. "सपरीत पाऊस आला थे समजलं का त्याइले?"

अशी आमची सुरुवात झाली. बाबांनी जोड्या लावल्या, माद्यांचे पंख दोऱ्यानं अलगद बांधून त्यांना पानांच्या दोन्यांत, म्हणजे द्रोणांत, ठेवलं. चपट्या ज्वारीसारखी अंडी झाली. ती फुटली तेव्हा दोन्यात काळसर, केसाळ, बारीक काहीतरी वळवळायला लागलं, आणि बाबांनी ते दोने कहूच्या पालवीला बांधले. त्याच दिवशी त्यांनी दाढी करणं सोडलं आणि चुलीवरून मासळी उतरली. तलाव आटत आला होता, मासळीचा खरा हंगाम होता, आणि आमच्या घरात लाखोरीची डाळ, खुला म्हणजे वांग्याच्या वाळवलेल्या फोडी, आणि आंबील. मामाजींनी दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "भाऊजी, हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे का?"

"किड्याइले विचारून पाहा," बाबा म्हणाले.

अडचण राखणीची होती. तलावावर मोठं जाळं ओढायला प्रत्येक घरचा माणूस लागतो. बाबांना तिथं जावंच लागे. आणि ते नसताना बाईमाणसानं झाडाखाली जायचं नाही. पहिल्याच दुपारी कावळे आले. कावळा पान उलटं करून, मान तिरकी करून असा किडा उचलतो की बाजारात भाजी निवडणारी बाई लाजावी. माय सावलीच्या बाहेर उभी राहून ढेकळं मारत होती. नियम मोडायचा नाही म्हणून तिचं पाऊल सावलीच्या रेघेवर, आणि अंग उन्हात. मधेच लाल मुंग्या खोडावर चढल्या. त्या तिला उन्हातून दिसत होत्या आणि तिला काही करता येत नव्हतं. संध्याकाळी बाबा आले आणि एक पूर्ण फांदी रिकामी झालेली पाहून खालीच बसले.

मायने त्यांना पाणी दिलं नाही. ती वाडीतच उभी होती. "सैपाक कुठी करू आज?" तिनं विचारलं.

"काहून?"

"पाहा ना."

ऊन तलावापलीकडे कलत चाललं होतं. कहूची सावली वाडी ओलांडून सैपाकघराच्या छपरावर, कवेलूंवर चढली होती. दार, चूल, पाण्याची गुंडी, सगळं झाडाखाली. "रोज याच वेळेले आम्ही दोघी किड्याइच्या झाडाखाली भाकरी थापतो," माय म्हणाली. "आजपावतर कोन्ता किडा मेला त्याच्यानं? मेले थे कावळ्यानं मेले, अना मी उन्हात उभी होती म्हणून मेले."

बाबांनी कवेलूंकडे पाहिलं. नियम त्यांच्या बापानं सांगितला होता, आणि त्यांच्या बापाला त्याच्या बापानं. त्यातल्या कुणाचं सैपाकघर झाडाच्या पूर्वेला नव्हतं. शेवटी ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मंदीले बसू दे. पण आंघोळ करून बसजो म्हणावं."

पुढे शाळा-कॉलेजात मी परिवर्तनावर पुष्कळ भाषणं ऐकली. त्यांतल्या एकातही आंघोळीची अट इतकी चांगल्या भावानं घातलेली मला आढळली नाही.

मग मी कहूखाली बसले. त्याआधी मी वाडी नुसती पाहत होते. आता मला ती पाहावीच लागत होती, आणि या दोन्हींत फरक आहे. किडे कात टाकण्याआधी मान उचलून स्तब्ध बसतात, त्या वेळी त्यांना धक्का लागता कामा नये, हे मी शिकले. ते हिरवे झाले, बोटाएवढे झाले, कडेला चांदीचे ठिपके आले. दुपारी वारा पडला की त्यांच्या खाण्याचा आवाज येई, कुणीतरी लांब कोरडा पापड मोडत असल्यासारखा. उन्हानं काही गळून पडत. आम्ही फांद्यांना ओली पोती बांधली आणि झाडावर पाणी शिंपत राहिलो. सपरीतले ताटवे मात्र आता कोरडे होते. मामाजींनी आठवडाभर ती गैरसोय सोसली, मग एका दुपारी ते खुर्ची घेऊन माझ्या शेजारी कहूखाली येऊन बसले. "इथं बरं वाटते," एवढंच म्हणाले.

भांडण एकदाच झालं, कोतवालावरून. बाबांनी त्याला एक किडा नेताना पाहिलं आणि गुलेर, म्हणजे गलोल, काढली. घरटं पाडायचं ठरलं. मी आडवी आले.

"बाबा, थो कावळे हाकलून राहिला."

"अना किडा खाऊन राहिला थे?"

"एखादा खाते. कावळा फांदी खाते. घरट्याच्या बाजूनं कावळा बसतच नाई, मी रोज पाहून राहिली. त्या फांदीचे किडे मोजा तुम्ही."

मामाजी खुर्चीतून म्हणाले, "भाऊजी, पोरगी साक्षीपुराव्यानिशी बोलते. अर्ज मंजूर करा." बाबांनी फांदी खाली वाकवून पाहिली. दुसरी पाहिली. घरट्याच्या बाजूला पानापानामागं किडे होते. दुसऱ्या बाजूला नुसते देठ. त्यांनी गुलेर कमरेला खोवली. कोतवाल तेवढ्यात त्यांच्याच डोक्यावर झेपावून गेला. त्याला आमच्या उदारतेची कल्पना नव्हती.

उघड्या बाजूला मग मामाजींची नेमणूक झाली. सुरुवातीला ते टाळ्या वाजवून कावळे हाकलत. नंतर त्यांनी, बहुधा कंटाळा आल्यामुळे, उरलेलं भाषण सुरू केलं. सत्काराच्या दिवशी ते अर्ध्यात तुटलं होतं. कर्तव्यपूर्तीच्या पहिल्याच आरोळीला कावळे कुंपणापलीकडे गेले. "समाधान" शब्दाला तर साळुंक्यासुद्धा उठल्या. मामाजी रोज ते भाषण पूर्ण करू लागले, आणि हळूहळू त्यातले मोठे शब्द गळून कचेरीतल्या खऱ्या गोष्टी आल्या: कुलूप हरवलेलं कपाट, रोज एकच अर्ज घेऊन येणारा म्हातारा, पहिल्या दिवशी कुणी बसायला न दिलेली खुर्ची. कावळे त्यालाही भीत. मी मात्र राखण संपली तरी ऐकत बसायचे. मामाजी आता नाहीत. एवढं चांगलं बोलणारा माणूस त्या पहिल्या भाषणाच्या आत इतकी वर्षं कसा मावला असेल, हे मला अजून उलगडलेलं नाही.

दौलत न्यायला यायचा दिवस जवळ आला. मायने बाबांचं धोतर, सदरा धुऊन घडी करून ठेवला होता. किडे पुष्ट झाले होते, पण पुष्ट किडा म्हणजे कोसा नव्हे; शेवटच्या दिवसांत एकदम अंगं काळी पडून सगळेच्या सगळे लोंबकळलेले बाबांनी रानात पाहिले होते. ते आता तलावावरून आले की थेट कहूखाली येत आणि पानं उलटून पाहत. एका सकाळी मी आंघोळ करून झाडाखाली गेले तर एक किडा खातच नव्हता. तो आजारी पडला असं वाटून मी वाकून पाहिलं. मग दिसलं की त्यानं दोन पानं एकमेकांना ओढून धरली आहेत आणि तो त्यांच्या मधे डोकं डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असं फिरवतो आहे. डोळ्याला धागा दिसत नव्हता; उन्हाची तिरीप आली तेवढ्यापुरता चमकला. मी ओरडले नाही. घरात जाऊन बाबांना हाताला धरून आणलं. ते खोडावर चढले, फांदीवर पोटानं आडवे झाले आणि पानांत डोकं घालून राहिले. खाली माय आली. ती आज सावलीत येऊन उभी राहिली.

"किती?" तिनं विचारलं.

"थांब." मग बऱ्याच वेळानं, वरून, वेगळ्याच आवाजात: "इथंही हाये. अना इथं. अना हे पाह्य."

पावसाच्या पिकापुरतं बी होईल, फार नाही, पण होईल, हे बाबांनी खाली उतरण्याआधीच ताडलं असावं. कारण कुंपणाशी दौलत येऊन उभा राहिला, खांद्याला पिशवी, पायांत खाणीतले जाड बूट, आणि त्यानं हाक मारली, "चालतो ना गा? बस निघून जाईन!" तेव्हा बाबांनी फांदीवरूनच उत्तर दिलं.

"तू जा गा. मी नाई येत. माह्या घरी किडे हायेत."

दौलतनं वर पाहिलं, मग खाली, ओल्या केसांनी खोडाला टेकून बसलेल्या माझ्याकडे. त्याच्या बापानंही किडे राखले होते. त्याला नियम ठाऊक होता. "अना हे पोट्टी कशी बसली झाडाखाली?"

बाबांनी पानांतून डोकं बाहेर काढलं नाही.

"तेच त राखून राहिली," ते म्हणाले.